लिटरला अकरा, व्हाया डहाणू-तलासरी

डहाणूला लोक समुद्र बघायला जातात, चिकूच्या पेट्या आणायला जातात. मी गेले ते गाडीचं ॲव्हरेज काढायला. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग मी गंमत करत नाहीये हे लक्षात आल्यावर जरा काळजीने बघतो. तरीही सांगते, कारण चार दिवसांत मला जे शहाणपण आलं ते कोणत्याही पर्यटनाच्या पुस्तकात मिळणार नाही, आणि मिळू नये.

आमची गाडी एकोणीस वर्षांची आहे. उंच, चौकोनी, आणि इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचवणारी. ह्यांची धरणाच्या कामावर बदली झाली तेव्हा तिथल्या चिखलातून जायला म्हणून घेतलेली. पुढे धरण झालं, हे निवृत्त झाले, चिखल संपला, गाडी राहिली. त्याच गाडीवर मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकले आणि गेली नऊ वर्षं ती माझ्याच हातात आहे. भाजी, बँक, माहेर, मैत्रिणीचं ऑपरेशन, कुठेही जायचं झालं की मी किल्ली उचलते आणि निघते. ‘सोडतोस का रे?’ हा प्रश्न मी नऊ वर्षांत कोणाला विचारलेला नाही.

अडचण एकच. ती पेट्रोल पिते. नाशिकच्या रहदारीत लिटरला आठ, फार तर साडेआठ. आमचा मुलगा निखिल आणि हे, दोघांनी मिळून ठरवलं की ती विकायची आणि एक छोटी गाडी घ्यायची. ती छोटी गाडी निखिल पुण्याला नेणार. “तुला कुठे जायचं असतं आई, रिक्षा आहेत की,” असं तो म्हणाला, आणि वाईट हेतूने म्हणाला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. गिऱ्हाईकही ठरलं होतं. एक गृहस्थ येऊन गाडीला दोन प्रदक्षिणा घालून गेले होते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येणार होते.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तो सगळा अधिकार एकवटून मी जेवणाच्या टेबलावर म्हणाले, “ॲव्हरेज गाडीचं नसतं, चालवणाऱ्याचं असतं. मी अकरा काढून दाखवते.” अकराच का, हे मला आजही सांगता येणार नाही.

“दाखव,” हे म्हणाले. “अकरा आले तर गाडी राहिली.”

ठिकाण डहाणू ठरलं, कारण मला सपाट रस्ता हवा होता. ह्यांनी लगेच ओळखलं आणि तलासरीकडचा डोंगराळ भागही घालायला लावला. नाशिकहून येता-जाताना घाट उतरण्या-चढण्याचा हिशेब धरायचा नाही. डहाणूच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, फिरायचं, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीने भरायची. दोन टप्पे करायचे, चांगला असेल तो आकडा धरायचा. आणि पंच म्हणून सोबत वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. वय चौसष्ट. आयुष्यभर पोस्टात नोकरी केली आणि भावाशी कधी एकदाही खोटं बोलल्या नाहीत. एवढ्या एका दोषाकडे काणाडोळा केला तर बाई प्रवासाला उत्तम.

पहिला दिवस : आगर

निघण्याआधी मी गाडी हलकी केली. टपावरचं कॅरिअर उतरवलं, डिकीतली ताडपत्री, छत्र्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी, कधीतरी दुरुस्तीला टाकायची म्हणून पाच वर्षं फिरत असलेली इस्त्री, सगळं काढलं. मग वजनकाटा आणून वन्संची बॅग मोजली.

“नऊ किलो?” मी म्हणाले. “चार दिवसांसाठी?”

“त्यात लाडूंचा डबा आहे.”

“पितळेचा?”

“मग कशाचा असतो?”

बरीच बोलाचाली होऊन लाडू प्लॅस्टिकच्या पिशवीत आले. नंतर वन्संनी शांतपणे माझी पिशवी काट्यावर ठेवली. पेट्रोल वाचवण्याविषयीचे छापून काढलेले कागद, दोन फायली आणि गाडीचं मॅन्युअल मिळून सहा किलो भरले. त्यांनी तो आकडा माझ्याच फायलीवर लिहून ठेवला.

आगरला एका चिकूच्या वाडीत आम्ही खोली घेतली होती. त्याआधी डहाणूच्या पंपावर टाकी भरली. पंपावरच्या माणसाला मी गाडी जरा पुढे, जरा मागे, आता सपाट आली, असं चार वेळा करायला लावलं. शेवटी त्याने विचारलं, “मॅडम, फोटो काढायचा आहे का?”

वाडीत चिकूच्या झाडांखाली इतकी दाट सावली होती की भर मार्चच्या दुपारी अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटली. मालकीणबाईंनी रात्री पापलेटचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. आमच्याकडे पाहुण्याला ‘किती पोळ्या टाकू?’ असं आधी विचारतात. इथे काहीच न विचारता ताटात भाकरी येत राहिली, आणि मला एकदम भीती वाटली की उद्या गाडीत माझंच वजन दोन किलोने वाढलेलं असणार. वन्संनी चौथी भाकरी मोडली आणि म्हणाल्या, “पंचांच्या वजनाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.”

दुसरा दिवस : वरोर

पेट्रोल वाचवायचं तर गाडी हळुवार चालवायची. धक्का नाही, एकदम ब्रेक नाही. हे मोजायला मी एक उपकरण योजलं होतं. काठोकाठ पाणी भरलेली एक वाटी. ती ठेवायची सोय गाडीत नसल्यामुळे ती वन्संच्या हातात दिली. पाणी सांडलं की समजायचं, पेट्रोल सांडलं.

एसी बंद, कारण तो पेट्रोल खातो. खिडक्याही बंद, कारण उघड्या खिडकीतून वारा आत शिरून गाडीला मागे खेचतो, असं माझ्या कागदांत होतं. ते ताशी ऐंशीच्या पुढे लागू पडतं आणि आम्ही पस्तीसने चाललो होतो, हे कागदाच्या मागच्या बाजूला होतं. ते मी परत आल्यावर वाचलं. डहाणूच्या खाऱ्या, दमट हवेत आम्ही दोघी बंद गाडीत मोदकासारख्या उकडत वरोरच्या रस्त्याला लागलो. मी चप्पल काढून अनवाणी चालवत होते, म्हणजे ॲक्सिलरेटरचा स्पर्श नीट कळावा. मागून एक सायकलवाला आला, आमच्या बाजूने गेला, आणि पुढे जाऊन त्याने कुतूहलाने मागे वळून पाहिलं.

वरोरच्या वेशीवर एक कोंबडी आडवी आली. कोंबडी वाचली. वाटी पूर्ण रिकामी झाली.

“किती गेलं?” वन्संनी साडी झटकत विचारलं. “पेट्रोल म्हणतेय मी.”

किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दांडीवर टांगलेले, अशा रांगाच्या रांगा, आणि मधून समुद्राचा वारा. वास असा की पहिली पाच मिनिटं श्वास आखडता घ्यावा, आणि नंतर घरी गेल्यावर चुकल्यासारखं वाटावं. तिथे एक कोळीणबाई बोंबील उलटे करत होत्या. मला म्हणाल्या, “घामानं भिजल्यात पुऱ्या. गाडीत थंड हवा नाय काय?”

“आहे,” वन्सं म्हणाल्या. “पण ती लावायची नाही.”

बाईंनी मोठ्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं. गाडी घेता आली पण थंड हवा लावायची ऐपत राहिली नाही, असा त्यांचा समज झाला असावा. त्यांनी आम्हाला सावलीत बसवून पाणी दिलं आणि जाताना वन्संच्या ओटीत सुकटाची एक मोठी पुडी घातली. मी वजनाचं काहीतरी पुटपुटले. वन्संनी डोळे मोठे केले तशी पुडी डिकीत ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही किनाऱ्याने घोलवड-बोर्डीपर्यंत दोनदा जाऊन आलो. सुरूच्या बनातून जाणारा तो रस्ता फार सुंदर आहे म्हणतात. मी डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बघत होते. वन्संनी तो पाहिला आणि मला तोंडी सांगितला.

मग डहाणूचा तोच पंप, तीच नळी. एकशे दहा किलोमीटर, बरोबर बारा लिटर. वन्संनी कागदावर भागाकार केला. नऊ पॉइंट दोन.

मी तो भागाकार पुन्हा केला. मग मोबाइलवर केला. भागाकार हा असा निर्दय प्रकार आहे की कितीही वेळा केला तरी तेवढाच येतो. घाम गाळला, अनवाणी चालवलं, सायकली पुढे जाऊ दिल्या, आणि मिळालं काय तर नऊ पॉइंट दोन. खोलीवर आल्यावर मी तोंड धुवायला म्हणून गेले आणि नळ सोडून थोडी रडले. मला गाडीचं वाईट वाटत नव्हतं. सोमवारनंतर मी दारात उभी राहून रिक्षा शोधतेय आणि आतून कोणीतरी ‘एवढ्या उन्हात कशाला जातेस’ म्हणतंय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

तिसरा दिवस : अच्छाड

शेवटचा उपाय राहिला होता. टायरमध्ये जास्त हवा. टायर कडक असला की गाडी सहज पळते. मॅन्युअलमध्ये बत्तीस लिहिलं होतं. मी चाळीस ठरवले.

बोर्डीवरून आत वळून आम्ही तलासरीला आलो. समुद्र मागे पडला की दहा-पंधरा किलोमीटरांत मुलूखच बदलतो. चिकूच्या वाड्या संपतात, ताडाची झाडं विरळ होतात, कापणी झालेल्या भाताची कोरडी खाचरं आणि त्यांच्या मागे डोंगर. तलासरीतून हायवेला लागून अच्छाडच्या नाक्यापर्यंत गेलं की पुढे गुजरात. तिथे ट्रकांच्या रांगाच रांगा, धाबे, चहाच्या टपऱ्या. अशाच एका धाब्याला लागून टायरचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर माणसाच्या छातीइतके उंच ट्रकचे टायर, आणि आत जयरामभाई. पन्नाशीचे, काळेसावळे, हाताच्या कोपरापर्यंत ग्रीस.

दुकानापुढच्या मोकळ्या जागेत मी गाडी पूर्ण वळवून लावली. वळताना टायर कुईकुई वाजले आणि गाडीने नेहमीसारखे दोन-तीन आचके दिले.

“चाळीस भरा,” मी म्हणाले.

जयरामभाईंनी हवेची नळी हातात घेतली नाही. ते गाडीकडे बघत राहिले. “बेन, ही वळताना अशीच अडते काय?”

“हो, ती जुनी आहे ना.”

“जुनी हाय म्हणून नाय अडत.” ते खाली बसले. पुढच्या टायरवरून हात फिरवला, मग मागच्या. “पुढचे नवे हायेत.”

“दीड वर्षापूर्वी घेतले. पुढचे दोन झिजले होते म्हणून दोनच बदलले. मागचे चांगले होते.” हे मी थोड्या अभिमानाने सांगितलं. आमच्या घरात जे झिजेल तेवढंच बदलतात. चादर विरली तर मधून फाडून कडा आत घेऊन शिवतात. चांगल्या वस्तूला हात लावून उगाच नवी आणणं हे आमच्याकडे जवळजवळ दुर्गुणात मोडतं.

“चारी चाकं ओढतात ना हिची?”

“हो.”

त्यांनी खिशातून खडू काढला. पुढच्या टायरवर खाली, जमिनीला टेकतो तिथे, एक रेघ मारली, आणि तीच रेघ जमिनीवर पुढे नेली. मागच्या टायरलाही तसंच. मग धाब्यावरच्या दोन ड्रायव्हरना हाक मारली. मी आत बसून गिअर सुटा केला आणि तिघांनी गाडी ढकलली, चाकं पाच पूर्ण वेढे फिरेपर्यंत. पाच वेढे झाले तिथे प्रत्येक चाकाची रेघ पुन्हा जमिनीवर उतरवली आणि सुतळीने अंतर मोजलं. पुढच्या चाकांनी कापलेलं अंतर मागच्यांपेक्षा वीतभर जास्त होतं.

मी उतरून त्या रेघांकडे बघत राहिले.

“ट्रकला मागं जोडीनं चाकं असतात,” जयरामभाई म्हणाले. “जोडीतलं एक झिजलेलं नि एक नवं लावलं, तर दोघं भांडतात. एक म्हणतो पुढं, एक म्हणतो मागं. टायर तापतो, डिझेल जातं. आमचा तो रोजचा धंदा. तुमच्या गाडीत चारी चाकं एकमेकांना बांधलेली. दीड वरस झालं, ती भांडतायत.”

शाळेच्या क्रीडामहोत्सवात तीन पायांची शर्यत असते. उंच मुलाचा पाय बुटक्याच्या पायाला बांधला की दोघंही धडपडतात. ती शर्यत मी तीस वर्षं स्वतः लावली. वर्तुळाचा परीघ तीस वर्षं फळ्यावर काढला, व्यास गुणिले π, आणि चाकाच्या एका वेढ्यात गाडी परिघाइतकी पुढे जाते हे गणित दर वर्षी परीक्षेत घातलं. आणि माझ्याच दारात उभ्या असलेल्या गाडीचे चार परीघ मोजावेत हे मला सुचलं नाही. मी वन्संच्या हातात वाटी दिली. चप्पल काढली. कोंबडीला दोष दिला.

“म्हणजे,” वन्संनी सावकाश विचारलं, “दोन टायर वाचवले म्हणून दीड वर्ष पेट्रोल जास्त गेलं?”

“तसंच म्हणा,” जयरामभाई म्हणाले.

“आणि दोनच बदला असं कोणी सुचवलं होतं?”

“मी,” मी म्हणाले.

जयरामभाईंनी वापीला फोन लावला. फोनवर गुजराती, आमच्याशी मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी, असं एकाच दमात चाललं होतं. पुढच्या टायरांच्याच जातीचे दोन टायर दुपारपर्यंत येतील असं ठरलं. तोवर त्यांच्या बहिणीने, सोमीबाईने, आम्हाला आपल्या पाटीशेजारी बसवून घेतलं. ती दुकानाला लागूनच भाजी विकते. माझ्याच वयाची, ठसठशीत कुंकू, आवाज असा की ट्रकच्या इंजिनावरून ऐकू यावा. तिने डब्यातली नाचणीची भाकरी तिघींत मोडली. आम्ही सुकटाची पुडी उघडली, ती धाब्यावरून भाजून आणली, वर कांदा नि तिखट. वजन कमी करण्याचा तेवढा एक प्रयोग मला मनापासून आवडला.

गाडीची सगळी हकिगत ऐकून सोमीबाई म्हणाली, “आमच्या पाड्याला जीप जाते. तिच्यात आम्ही चौदा बसतो. मंग ती परवडते. तुम्ही दोघीच बसता एवढ्या मोठ्या गाडीत, कशी परवडंल?”

मी माझ्या सहा किलो कागदांतला एक काढला आणि सुकटाखाली अंथरला.

त्याच दिवशी, पाड्याच्या वाटेवर

टायर बसले. जुने दोन वन्संनी सोडले नाहीत. कुंड्या होतील म्हणाल्या आणि डिकीत टाकायला लावले. मी गाडी सुरू केली, त्या मोकळ्या जागेत पुन्हा पूर्ण वळवली, आणि थांबले. काही आवाज आला नाही. आचका नाही. वळण संपलं तसं स्टिअरिंग आपणहून हातातून सरळ झालं. दीड वर्ष मी त्या गाडीशी हुज्जत घालत होते आणि म्हातारपण म्हणून तिचीच कीव करत होते. मला तिची माफी मागावीशी वाटली. वन्सं शेजारी होत्या म्हणून मागितली नाही.

वन्संनी भावाला फोन करून नवे टायर कळवले आणि प्रयोग पुन्हा सुरू करायची परवानगी घेतली. हायवेवरच्या पंपावर टाकी भरली. आता याच पंपावर उद्या परत यायचं आणि जो आकडा येईल तो शेवटचा. मी चप्पल काढली. वन्संनी वाटी भरली.

मागच्या सीटवर सोमीबाई, तिच्या शेजारच्या दोघी आणि तीन रिकाम्या पाट्या होत्या. संध्याकाळची जीप चुकवून त्या आमच्याबरोबर निघाल्या होत्या, कारण मी ‘सोडते’ म्हणाले होते. पंचवीस मिनिटं मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागे कुजबुज सुरू झाली. मग सोमीबाई पुढे वाकली.

“बाय, गाडी बिघडली काय?”

“नाही. हळू चालवतेय. पेट्रोल वाचतं.”

“चालत गेलो असतो तर पोचलो असतो आता.”

मागच्या दोघी खो-खो हसल्या. बंद काचांमागे आम्ही पाच जणी घामाने निथळत होतो. आणि पुढे डांबरी रस्ता संपून डोंगराचा चढ लागला. दगडगोट्यांची, मधोमध पाण्याने चर पडलेली वाट. जीप इथे खालीच सोडते आणि पुढे दीड-दोन किलोमीटर चालत जावं लागतं, असं सोमीबाईने सांगितलं आणि ती उतरायची तयारी करू लागली.

“बसा,” मी म्हणाले.

पहिला गिअर टाकला. चारही चाकांनी एकदम, एकाच मापाने जमीन धरली आणि गाडी त्या चढाला अशी लागली की मला माझ्या हातांवर विश्वास बसेना. दगडावरून एक चाक वर, एक खाली, तरी कुठे घसरणं नाही, कुठे अडणं नाही. याच कामासाठी ती घडवलेली होती आणि मी तिला नऊ वर्षं भाजी मंडईच्या पार्किंगमध्ये उभी करत होते. मी काचा खाली केल्या. पळसाची झाडं केशरी फुलली होती, खालून धुराचा नि मोहाच्या फुलांचा वास येत होता, मागच्या बायका “इकडनं घे, इकडनं घे” म्हणून ओरडत होत्या. मी काट्यांकडे बघायचं पार विसरले. पाय खाली गेला तो गेलाच.

वन्संनी वाटीकडे पाहिलं. अर्धं पाणी केव्हाच सांडलं होतं. उरलेलं त्यांनी पिऊन टाकलं आणि वाटी पिशवीत ठेवली.

पाड्यावर पोचलो तेव्हा कुडाच्या घरांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. सोमीबाई पाटी डोक्यावर घेऊन उतरली ती एखाद्या सभेला आल्यासारखी. “उद्या जेवायला ये,” तिने सांगितलं. “चढावर आलीस तशी ये. खालच्या रस्त्यावर आलीस तशी नको.”

चौथा दिवस : हायवेवरचा पंप

रात्री आगरच्या खोलीवर परतून दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाड्यावर जेवायला गेलो. तांदळाची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, आणि अंगणात खाटेवर बसून ते खाताना समोर अख्खं तलासरी खाली पसरलेलं. उतरताना मी जपून चालवू शकले असते. अजून वीस किलोमीटर हातात होते, रस्ता सपाट होता, पाणी होतं, वाटी होती. मी एसी लावला. वन्संनी जुनी गाणी लावली. हायवेवर एका मोठ्या ट्रेलरला मागे टाकलं, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली.

पंपावर टाकी भरेपर्यंत मी गाडीतून उतरले नाही. एकशे सत्तर किलोमीटर. सोळा लिटर. वन्संनी चष्मा लावून भागाकार केला, मग पुन्हा केला.

“दहा पॉइंट सहा,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “काल आपण पाच जणी होतो. त्या बाईच्या हिशेबाने धरलं तर...”

“नको,” मी म्हणाले.

मी ह्यांना फोन लावला. त्यांनी ‘हॅलो’च्या जागी “किती?” एवढंच विचारलं.

“दहा पॉइंट सहा.”

“म्हणजे अकरा नाही.”

“नाही.”

“बरंच वाढलं म्हणायचं, पण.” त्यांचा आवाज जरा मऊ झाला. जिंकलेल्या माणसाचा होतो तसा. “ठीक आहे. मग सोमवारी त्या गृहस्थांना...”

“येऊ नका म्हणून सांगा. गाडी द्यायची नाही.”

“अगं, पण पैज?”

“पैज मी हरले,” मी म्हणाले. “गाडी द्यायची नाही. मला लागते. मला जायचं असतं.”

“अगं, पण...” हे म्हणाले.  वन्संनी हात पुढे केला आणि माझ्याकडून फोन घेतला.

“आकडा बरोबर आहे, मी दोनदा तपासला,” त्यांनी भावाला सांगितलं. “आणि ती म्हणतेय तेही बरोबर आहे.” आणि फोन बंद करून दार उघडून आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मी पंपावरून गाडी बाहेर काढली आणि नाशिकच्या दिशेला वळवली. तीस वर्षं मुलांना सांगत आले की हाती आलेला आकडा मान्य करायचा आणि आपलं म्हणणं सोडून द्यायचं. आकडा मी मान्य केला होता. म्हणणं सोडलं नव्हतं, आणि असं जन्मात पहिल्यांदाच झालं होतं.